झाकलेले गड्डे

चिंचवडच्या मधुसूदनरावांना माणसांपेक्षा फ्लॉवर जास्त कळायचा. रिटायर झाल्यापासून त्यांनी गच्चीवर कुंड्या मांडल्या होत्या. आल्यागेल्याला ते ऐकवत, "रोप लहान असताना फार थंडी पडली, तर गड्डा बटणाएवढाच राहतो. उकाडा झाला तर नुसता पाला माजतो. आणि गड्ड्यावर ऊन पडलं, की पिवळा पडलाच!" म्हणून गड्डा मुठीएवढा झाला, की त्याचीच पानं वर ओढून सुतळीनं बांधायची. हे मात्र भर उन्हात त्यांच्या बायकोनं, चारुलताबाईंनी करायचं. रावांचे गुडघे दुखत. हुकूम सोडायला गुडघे लागत नाहीत.

मुलगी अबोलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. जानेवारीत रहाटणीहून तिचा फोन आला. "आई, मुलगी झाली. येशील ना?" बाईंनी डोळे पुसत पिशवी भरली.

"गेलीस तर परत यायचं नाही," राव पेपरातून मान वर न करता म्हणाले. "आणि गड्डे कोण झाकणार?"

बाईंनी पिशवी रिकामी केली. जन्मभराचा धाक होता तो.

पुढच्या महिन्यात अचानक उकाडा वाढला. "आता बांधलेलं लवकर उघडायचं, नाहीतर आत कुजतं," रावांनी बजावलं. बाईंनी उघडलं नाही. उलट रोज वरून पाणी ओतलं. राव खालून विचारत, "कसे आहेत?"

"पांढरेशुभ्र!" असं खोटं बोलताना बाईंना चक्क मजा यायची.

रविवारी राव मित्रांना घेऊन, कठडा धरत धरत गच्चीवर आले. पहिली सुतळी सोडली. आत काळा, बुळबुळीत लगदा. उरलेल्या सुतळ्या त्यांनी बाईंना सोडायला लावल्या. सगळीकडे तेच. मंडळींनी नाकाला रुमाल लावले.

"मी मुद्दाम केलं," बाई म्हणाल्या.

राव मित्रांकडे बघून हसले. "मुद्दाम करायला डोकं लागतं हो!"

मंडळीही हसली. बाई खाली गेल्या. सगळ्यांना वाटलं, चहा टाकायला गेल्या. त्या रिक्षात बसल्या होत्या.

रहाटणीत दार अबोलीनंच उघडलं. खांद्यावर बाळ होतं. हात पुढे करताना बाईंना स्वतःच्याच बोटांचा कुजका वास आला.

"इतके दिवस कुठं होतीस, आई?"

आता खोटं सुचेना. "गड्डे झाकत होते गं."

अबोलीनं बाळाच्या तोंडावर दुपटं ओढलं आणि आईच्या तोंडावर दार लावून घेतलं.