नरसम्माचं गाणं

सखूअक्का गाणं म्हणण्याआधी त्याचा गोतावळा सांगायच्या. मांडीवर तंबाखूचं सूप, बोटं विड्या वळतायत आणि तोंडानं चाललेलं: चाल कुठल्या सिनेमाची, शब्द कुणी घातले, त्या दिवशी कारखान्यात काय घडलं. मी फोनवर रेकॉर्डिंग लावून ताटकळायचो. "नुसतं गाणं म्हणा की, अक्का."

"नवरीला एकलीच न्हेता व्हय, सर? वऱ्हाड कुटं सोडू?"

विडी वळणाऱ्या बायकांच्या गाण्यांवर मी प्रबंध लिहीत होतो, म्हणून शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या खोलीत माझ्या खेपा व्हायच्या. सगळ्यांत भारी गाणं गिरणी बंद पडली तेव्हाचं:

भोंगा झाला मुका बाई, धनी बसला घरी
माझ्या दहा बोटांवर चूल पेटते खरी

ते नरसम्मानं रचलेलं. कारखान्यात ती अक्कांच्या शेजारी बसायची. घरात तेलुगू, पण सगळ्याजणींना म्हणता यावं म्हणून गाणं मराठीत केलेलं. खोकून खोकून गेली. "लेकरू न्हाय, फोटू न्हाय. तेवढं नाव घाला तिचं. मला दुसरं काय नको."

मार्गदर्शक म्हणाले, "रचणारी माहीत असेल, तर ते लोकगीत कसलं? प्रकरणच काढावं लागेल." मी नरसम्माचं नाव गाळलं. प्रबंधात आणि मग पुस्तकात छापलं, 'पारंपरिक. कर्ता अज्ञात.' कुणी विचारू नये म्हणून रेकॉर्डिंगमधलं अक्कांचं बोलणंही कापून टाकलं.

तरी पुस्तक द्यायला गेलोच. सुनेनं गाणं वाचलं. अक्कांनी सुपावर ठेका धरला होता.

"आता नाव वाच."

"कर्ता अज्ञात."

"ह्यो कोण?"

"कुणी केलं ते ठाऊक नाही म्हणे, आत्या."

ठेका थांबला. "ठाऊक न्हाय? तुमाला?"

"छपाईची चूक," मी म्हणालो. "पुढच्या आवृत्तीत घालू."

त्यांनी विश्वास ठेवला, हेच वाईट. नंतर दर भेटीत विचारायच्या, "छापलं का वो नरसम्माला?" मग मीच त्या गल्लीनं जाणं सोडलं. अक्का गेल्याचं महिन्याभरानं कळलं.

पुढची आवृत्ती निघाली नाही. हल्ली आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पोरी ते गाणं म्हणतात. निवेदक 'पारंपरिक' म्हणतो, मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतो.

परवा नरसम्माचं पूर्ण नाव लिहून ठेवावं म्हणून कागद घेतला. आडनाव आठवेना. अक्कांनी ते सांगितलं होतं, गाण्याच्या आधी.