मखमली खोक्यातली जांभळी साडी

धाकट्या लेकीच्या लग्नातल्या आहेराच्या साड्या मी सुरतेहून आणणार म्हटल्यावर घरात सगळे ‘इथूनच घेऊ’ म्हणू लागले. कारण थोरलीच्या वेळी मी निवडलेल्या साड्यांचा रंग पहिल्याच धुण्यात गेला होता. विहीणबाई काही बोलल्या नव्हत्या. तेच जास्त लागलं होतं.

नंदुरबारहून सकाळची गाडी धरली की जेवणाआधी सुरतेलगतच्या उधन्याला उतरता येतं. तिथे माझी मावशी राहते. साड्यांच्या घड्या घालून खोक्यांत भरणं, हेच तिचं वीस वर्षांचं काम. स्टेशनबाहेर वाफवलेल्या डाळीचा गरम लोचो खाल्ला, वर शेव आणि कच्चा कांदा. चाळीस रुपयांत पोट भरलं. मग मावशीला घेऊन शेअर रिक्षाने पर्वत पाटियाचा साडीबाजार. जाणार असाल तर लवकर पोचा. दुपारनंतर साडी उलगडायलाही जागा मिळत नाही.

तिसऱ्या दुकानात मी अडकले. पिवळे दिवे, भिंतभर आरसे, आणि मखमली खोक्यात सोनेरी फितीने बांधलेली जांभळी साडी.

"बेन, बॉक्स जोईने ज मेमान खुश!" दुकानदार म्हणाला. म्हणजे खोकं बघूनच पाहुणे खूश!

"पंचवीस द्या," मी म्हणूनही टाकलं.

मावशीने माझा दंड धरला. "एकच माल आम्ही तीन परकारना खोकास्मा भरतस, बेटा. पहिले उजेडमा देख."

दारापाशी उन्हात जांभळा रंग विटकाच दिसला. मावशीने रुमालाचं टोक ओलं करून पदरावर घासलं. टोक जांभळं झालं! मी तिथेच पायरीवर बसले आणि चक्क हसू आलं. वाचले होते मी!

पुढच्या गल्लीतल्या साध्या दुकानात साड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत होत्या. एकेक उन्हात पाहिली, घासली. रंग जागचा हलला नाही, तशा पंचवीस घेतल्या. पण असा पिशवीतला आहेर द्यायचा कसा?

संध्याकाळी मावशीने तिच्या खोलीत चटई अंथरली. काठ वर येईल अशा पंचवीस घड्या नव्याने घातल्या, लाल रेशमी दोऱ्याने बांधल्या. "रूप बी पाहिजेच ना," ती म्हणाली.

खोटं कशाला सांगू, ते मखमली खोकं मला अजूनही आठवतं. पण घरी पोचल्यावर धाकटीने एक दोरा सोडला, हिरवी साडी खांद्यावर टाकली आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

"आई, ही मीच ठेवू?"

आहेराला एक साडी कमी पडली. मला जराही वाईट वाटलं नाही.