काटा वर येईपर्यंत

माफ करा, मी लिहिणाऱ्यांतला नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे इथे लिहावं की नाही यातच बरेच महिने गेले. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे की नाही, सांगता येत नाही.

२००६ साल. शेवटच्या सेमिस्टरचं ट्रेनिंग चेन्नईला, पेरुंगुडीच्या एका छोट्या कंपनीत. सर्व्हर चालू होताना त्यातले प्रोग्राम ठरलेल्या क्रमाने उठतात — आधी डेटाबेस, मग आमचा हजेरीचा प्रोग्राम. क्रम बरोबर होता, तरी हजेरीचा प्रोग्राम दर वेळी कोसळायचा. तो दुरुस्त करणं हाच माझा प्रोजेक्ट.

अप्पा, म्हणजे माझे वडील, बार्शीला एस.टी. डेपोत मेकॅनिक. त्यांना फोनवर सहज सांगितलं, तर हसले.

"येड्या, इंजिन सुरू झालं म्हणून लगेच गाडी काढतोस? ब्रेकची हवा भरू दे आधी. हवेचा काटा वर आला की निघायचं. कॉलेजात एवढं पण नाय शिकवलं?"

चूक तीच होती! डेटाबेस सुरू व्हायचा, पण तयार नसायचा. प्रोग्राम क्रमाने उठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मी दर दोन सेकंदांनी त्याला 'तयार आहेस का' असं विचारायची सोय केली. जास्तीत जास्त वीस वेळा, नंतर स्क्रिप्टने थांबायचं. तयार नसेल तर स्क्रीनवर येई, 'हवा भरतेय'. तयार झाला की, 'काटा आला, निघ'. हे शब्द मी कुणालाच सांगितले नव्हते. अप्पांनाही नाही.

शुक्रवारी आईचा फोन आला. अप्पांचा दम वाढला होता, दवाखान्यात ठेवलं होतं. कंपनीतले माझे साहेब सेंथिल सर, त्यांच्याकडे रजा मागितली.

"संडे रीबूट मुडिच्चिट्टु पो, तंबी," ते म्हणाले. रविवारचं रीबूट उरकून जा.

अप्पाही फोनवर धापा टाकत म्हणाले, "काम अर्धं टाकून येऊ नकोस."

मी थांबलो. माझी चूक ती हीच.

रविवारी सकाळी मोबाईल नेहमीप्रमाणे वॉचमनकडे ठेवून सर्व्हर रूममध्ये गेलो. रीबूट केलं. हवा भरतेय... हवा भरतेय... वीस ओळी झाल्या, तरी स्क्रिप्ट थांबेना. दुसऱ्या मशीनवरून बघितलं, तर डेटाबेस केव्हाच तयार होता. ओळी येतच राहिल्या, अर्धा तास तरी. का कोण जाणे, मला स्क्रिप्ट बंद करवेना. मग आपोआप उमटलं — काटा आला, निघ.

तीच स्क्रिप्ट नंतर कितीतरी वेळा चालवली. एकदाही वीसच्या पुढे गेली नाही. सेंथिल सरांनीही तपासली, कारण सापडलं नाही. मला अजून सापडलेलं नाही.

खाली आलो, तर वॉचमन मोबाईल हातात धरून उभाच होता. "अम्मा, अम्मा," एवढंच म्हणाला. चौदा मिस्ड कॉल. मी फोन लावला.

"कुठं होतास रे..." आई म्हणाली. "अर्धा तास माझा हात सोडला नाही त्यांनी. सारखं एकच — थांबा, हवा भरतेय, पोरगं येतंय. आणि आत्ता, बाळा... आत्ताच म्हणाले, काटा आला, निघतो."