ठाण्यातला नारळ

कुठेही नारळ फुटल्याचा आवाज झाला की मला ते प्रकरण आठवतं आणि साहेब आठवतात. नावं विचारू नका, सांगणार नाही. रायगडच्या किनाऱ्यावरचं एक पोलीस ठाणं, मागे खाडी, पुढे नारळी-पोफळीच्या वाड्या, एवढं पुरे.

मी तिथे निरीक्षक होतो. साहेब म्हणजे माझे पहिले वरिष्ठ. मी फौजदार म्हणून याच ठाण्यात रुजू झालो तेव्हा ते इथले निरीक्षक होते. पंचनामा कसा लिहायचा, रडत आलेल्या फिर्यादीला आधी पाणी द्यायचं, सगळं त्यांनी शिकवलं. शिव्याही भरपूर घातल्या. पुढे उपअधीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि शेजारच्याच गावात वाडी घेऊन राहिले. रोज सकाळी फेरफटका मारून ठाण्यात चहाला यायचे. ते आले की पोरं उठून उभी राहायची, मीही उठायचो. मला तो माणूस फार आवडायचा, आजही आवडतो.

ठाण्याच्या आवारात छोटा मारुती आहे. छाप्यासाठी होडी निघायची असेल तर आधी तिथे नारळ फोडायचा आणि ठाण्यात असेल त्या प्रत्येकाच्या हातावर खोबरं ठेवायचं, ही पद्धतही साहेबांनीच घातलेली.

त्या वर्षी खाडीत पंप लावून वाळू उपसणं जोरात चाललं होतं. बांध खचून भातशेतीत खारं पाणी शिरत होतं. खबर द्यायची ती खाडीच्या चिखलातून शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, काढणारी एक मावशी. तिची खबर पक्की असायची. आम्ही पोहोचायचो तेव्हा मात्र पंप बंद, होड्या गायब. एकदा भर बाजारात ती मला म्हणाली, "साहेब, तुमी छाप्याला येता का वरात काढता? तुमच्या आदी तुमची खबर पोचते!" कप्पाळ आमचं!

जिल्ह्याच्या वरिष्ठांचा संशय आमच्या एका हवालदारावर. घर खाडीपलीकडच्या गावात, चुलतभावाची होडी, झालं. त्याचा कसुरी अहवाल पाठवा, निलंबित करू, असा फोन आला. हा गडी आगरी, बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. मी त्याला केबिनमध्ये बसवून बराच वेळ खोदून खोदून विचारलं. शेवटी त्याचे डोळे भरून आले.

"साहेब, पोरीचं लगीन ठरलंय. वर्दी उतरली तर तिच्या सासरी काय सांगू? मी ह्ये केलंच न्हाय वो."

खोटं बोलणारा दर वेळी गोष्ट थोडी रंगवतो, हा माझा अनुभव. हा मात्र तेच एक वाक्य धरून बसला होता. मी अहवाल थोपवला आणि वरिष्ठांकडे थोडी मुदत मागितली.

मग फुटतंय कुठून? एका सकाळी होडी काढायची नसतानाही मी नारळ फोडायला लावला. सगळ्यांचे मोबाईल माझ्या कपाटात, कुणी फाटकाबाहेर जायचं नाही, अशी ताकीद दिली आणि साध्या कपड्यांत बांधावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने पंप एकेक करून थांबले. होड्या कांदळवनात शिरल्या. मी तसाच परत आलो आणि ठाणे अंमलदाराला विचारलं, "बाहेर कोण गेलं?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "मोठे साहेब तेवढे चहा घेऊन गेले."

साहेब आता बाहेरचे आहेत, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. तोवर माझ्याही नव्हतं.

पुढच्या छाप्याला नारळ न फोडताच निघालो. हवालदार कुरकुरला, "नारल न फोडता? बरं न्हाय ते, साहेब." म्हटलं, "आल्यावर दोन फोडू, चल आता." पंप चालू सापडले, माणसंही सापडली. चौकशीत पंपांवरच्या मुकादमाने तोंड उघडलं. पंप एका शेठचे होते. शेठचं किनाऱ्यावर रिसॉर्ट होतं आणि तिथे 'सुरक्षा सल्लागार' होते आमचे साहेब.

मी वाडीवर गेलो. वहिनींनी पोहे आणून ठेवले. त्या आत गेल्यावर विचारलं, "साहेब, ही नोकरी धरताना सरकारची परवानगी घेतली होती?"

"अरे, सल्लागार आहे मी. नोकरी कसली?"

"निवृत्तीनंतर लगेच असं काम घ्यायचं तर परवानगी लागते. हा नियम तुम्हीच मला शिकवलात."

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मग मी विचारलं, "ठाण्यातलं खोबरं तुम्ही कुणाला देता?"

"शेठला. ठाण्यातून रिसॉर्टवर जाताना रुमालात बांधून नेतो. रोज विचारतो बिचारा, आज प्रसाद नाही का? मला वाटलं, देवभोळा आहे..."

बोलता बोलता त्यांना उमगलं, ज्या दिवशी खोबरं त्या दिवशी छापा. चेहरा असा उतरला की मलाच रडू आलं. माझ्यापुढे त्यांनी कधी मान खाली घातली नव्हती.

"जबाब घे माझा," ते म्हणाले. "इथे नको. ठाण्यात."

साहेब ठाण्यात आले ते फिर्यादींच्या बाकावर बसले. हवालदार आत आला तसे उठून उभे राहिले. "तुझ्यावरचं बालंट माझ्यामुळे आलं. माफ कर बाबा." तो इतका फटकळ गडी, पण "साहेब, च्या आनू?" एवढंच म्हणाला.

शेठवर खटला भरला. साहेबांनी नोकरी सोडली. परवानगीबद्दल सरकारकडे अहवाल मीच पाठवला, नियमाप्रमाणे व्हायचं ते झालं, त्यांनी चकार शब्द काढला नाही. हवालदाराच्या पोरीच्या लग्नात मात्र अक्षता वाटत मांडवभर फिरले.

अधिकाऱ्याची खुर्ची जाते, पण त्याला बघून उठणारी माणसं तशीच राहतात. शेठने पगार दिला तो त्यासाठी, आणि साहेबांसारख्या सरळ माणसाला ते कळलंही नाही. लोक म्हणतात, निवृत्तांना कशाला हे परवानगीचे जाच? मी म्हणतो, असू दे हा जाच.

आता मीही निवृत्त आहे. एका कंपनीचं बोलावणं आलं होतं, परवानगी मागितली आहे, मिळाली तर बघू. सकाळी चालत त्याच ठाण्यापर्यंत जातो, पण फाटकाबाहेरच्या बाकावर बसतो. आत नारळ फुटला की पोरं माझ्यासाठी खोबरं घेऊन येतात. कुठे निघालात, असं मी विचारत नाही. खोबरं तिथेच बसून खातो, हात झटकतो आणि घरी येतो.