ते एक काडतूस सापडेपर्यंत

माझा नवरा डेल्मर ट्विचल बोलायला लागला तर चार वाक्यांत दमतो. पण आपल्या चव्वेचाळीस मॅग्नमची काडतुसं भरायला बसला की त्याला तहानभूक आठवत नाही. ते रिव्हॉल्वर त्यानं लाकडाच्या गिरणीतल्या पहिल्या हिवाळ्याच्या पगारातून घेतलं, आमच्या लग्नाच्या आधी. म्हणजे या घरात थोरली ती आणि धाकटी मी. आणि थोरलीचा मान डेल्मरनं कधी कमी होऊ दिला नाही.

काडतुसं दुकानातही मिळतात. मी एकदा वाढदिवसाला दोन डबे आणून दिले होते. त्यानं उघडून बघितले, ‘छान आहेत’ म्हणाला आणि शेजारच्या रोलंडला देऊन टाकले.

“अरे, मी तुला दिले होते,” मी म्हणाले.

“दुकानचं काडतूस कुणासाठी भरलेलं असतं, आर्डी? कुणासाठीच नाही. माझं माझ्या नळीसाठी असतं.”

एवढं बोलून तो दिवसभर गप्प बसला.

त्याची शेड घरामागे आहे, लाकूडफाट्याच्या पलीकडे. तिथे तो जुनं शिसं वितळवून साच्यात स्वतःच्या गोळ्या ओततो. झाडून झालेल्या पितळी पुंगळ्या उचलून आणतो, मक्याच्या कणसांच्या भुशात घोळवून सोन्यासारख्या चमकवतो. मग दांडीच्या यंत्रात एकेक पुंगळी आवळायची, बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, वर मोजून बंदुकीची दारू, तिच्यावर गोळी, आणि शेवटी तोंड दाबून टाकायचं. लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडलीत, त्यात पुंगळ्या शाळेतल्या पोरांसारख्या रांगेत उभ्या. सगळ्यांत दारू पडली की तो बॅटरी लावून प्रत्येकीत डोकावतो. मगच गोळ्या बसवतो. हे काम चालू असताना शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. रेडिओ नाही, कुत्रं नाही. मी दारात दिसले की मान न वळवता डावा हात वर करायचा, म्हणजे थांब. त्या हाताकडे बघत मी उभं आयुष्य काढलं. पोरगी दाढेनं रडतेय, थांब. भात करपला, थांब. तुझी आई गेली, तेव्हाही आधी तो हातच वर झाला होता.

आमचं खोरं आयडाहोत, सॅमन नदीच्या एका फाट्यावर आहे. बाहेर जायला एकच रस्ता, हॅगर्टी घाटातून. नोव्हेंबरात बर्फ पडलं की घाट बंद, तो मे महिन्यात उघडतो. मधले दिवस आम्ही, रोलंड आणि एल्क हरणं. मला याचं कधी काही वाटलं नाही. पण गेल्या फेब्रुवारीत चुलीपाशी उभी असताना माझ्या छातीत कळ आली, आणि रोलंडनं मला कांबळ्यात गुंडाळून बर्फावरच्या गाडीवरून घाटापलीकडे नेलं. हवा इतकी वाईट होती की हेलिकॉप्टर उडेना. तिकडच्या चॅलिस गावातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बरं केलं आणि घरी सोडताना स्पष्ट सांगितलं, “पुढचा हिवाळा घाटाच्या या बाजूला काढा. दर वेळी कुणी वेळेवर पोचवेल असं नाही.”

उन्हाळाभर मी डेल्मरच्या कानाशी हेच लावून धरलं. आमची मुलगी शेरिल चॅलिसमध्ये राहते. तिच्याच इमारतीत खाली एक खोली रिकामी होत होती. फक्त त्या इमारतीत दारू आणि टोप्या ठेवायला मनाई होती, आणि गावाच्या हद्दीत बार काढायला तर पोलिसांचीच मनाई. डेल्मर ऐकायचा, मान हलवायचा आणि शेडकडे जायचा. ती मान हो म्हणून हलायची की नाही म्हणून, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

ऑक्टोबरात शेरिलचा फोन आला, “आई, आज हो म्हण, नाहीतर खोली जाते.” मी हो म्हटलं आणि तशीच शेडकडे गेले. हात वर झाला. या वेळी मी थांबले नाही.

“मी शेरिलला हो सांगितलंय. बर्फाच्या आधी आपण निघतोय. तू आणि मी, दोघं.”

त्याचा उजवा हात दारूच्या मापाच्या दांड्यावर होता. तो तिथेच राहिला. मग त्यानं दांडा ओढला आणि पुढच्या पुंगळीकडे गेला. मीही तडक निघून आले. माझ्या मागे दार आपटल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉफी समोर घेऊन बसला आणि पीत नव्हता.

“काल मी बॅटरी लावून बघितलंच नाही,” तो म्हणाला.

“मग?”

“तू बोललीस तेव्हा हातातल्या पुंगळीत दारू पडली होती की नव्हती, ते आठवत नाही. मी परत दांडा ओढला. कदाचित एकीत दोनदा पडली असेल.”

त्याच्या आवडीची दारू अशी की ती अर्धी पुंगळीसुद्धा भरत नाही. दोनदा पडली तरी वर येऊन सांगत नाही. आणि तसलं काडतूस उडवलं की रिव्हॉल्वरचा वरचा भाग जातो, आणि ज्याच्या हातात असेल त्याची बोटं.

“वजन करून बघ ना.”

“गोळ्या घरच्या ओतलेल्या. एकीचं वजन दुसरीला जुळत नाही. त्यात ते लपतं.” तो उठला. “आणि काल संध्याकाळी रोलंड एक डबा घेऊन गेलाय.”

आमच्या खोऱ्यात दुसऱ्यानं भरलेलं काडतूस कुणी उडवत नाही. ते दुसऱ्याच्या ब्रशनं दात घासण्यासारखं आहे. रोलंड एकटाच अपवाद, कारण रोलंड आळशी आहे आणि डेल्मरवर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास आहे. आम्ही गेलो तेव्हा तो अंगणात कमरेला पट्टा बांधून तयारच होता.

“परत दे,” डेल्मर म्हणाला.

“का रे? एकदा दिलेलं परत मागतोस? बायकोनं हिशेब मागितला वाटतं?”

“एक खराब असेल त्यात.”

रोलंड हसायचा थांबला. “तुझ्या हातचं? खराब?” त्यानं माझ्याकडे बघितलं. “आर्डी, ताप वगैरे आलाय का याला?”

“माझ्यामुळे झालं म्हणे,” मी म्हणाले. “मी तोंड उघडलं.”

“अरे देवा! मग तर खोऱ्यातली सगळीच काडतुसं फेकायला हवीत.”

पण डबा त्यानं मुकाट्यानं दिला. पट्ट्यातली सहाही काढून दिली, आणि देताना त्याचा हात जरा जपून चालत होता.

घरी आल्यावर डेल्मर म्हणाला, “सगळी मोडून बघायला हवीत. ते सापडलं की निघू. असं काडतूस मागे शेडमध्ये टाकून मी जाणार नाही, आणि बरोबरही घेणार नाही.”

मला ते पटलं. इथला कुठलाही शहाणा माणूस हेच बोलला असता. काडतूस मोडायला एक पोकळ हातोडा असतो. आत काडतूस अडकवायचं आणि ओंडक्यावर ठोकायचं, की झटक्यानं गोळी आणि दारू बाहेर पडते. दारू तोलायची, पुंगळी बाजूला ठेवायची, पुढचं घ्यायचं. एका डब्याला वेळ लागतो, आणि त्या दिवशीची काडतुसं आधीच्या साठ्यात मिसळलेली. कॉफीचे दोन मोठे डबे भरून होती.

ठक. ठक. ठक. सकाळी तेच, जेवणानंतर तेच. मी खोकी भरत होते आणि ते मोजल्यासारखं ऐकत होते. मध्ये थांबलं की माझे हात थांबायचे, वाटायचं सापडलं. मग पुन्हा ठक. संध्याकाळी तो आत आला की मी विचारायचे, “सापडलं?” तो मान हलवायचा, आणि ही मान मात्र नक्की नाही म्हणून हलायची.

एल्क खाली उतरले. शेरिल रोज फोन करायची. घाटाच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलं. मी म्हटलं, डेल्मर, राहिलेली नदीत टाक. तो म्हणाला, नदीत? जणू मी पोरगी टाकायला सांगितली. घाटात मी स्वतः कधी पिकअप चालवलेली नाही, दरीकडे नजर गेली की मला घेरी येते, नाहीतर तेव्हाच निघाले असते. रात्री अंथरुणात मी छातीवर हात ठेवून पडायचे आणि आतली धडधड ऐकायचे. बाहेरची ठकठक बंद झाली की आतली सुरू. माणूस कोंडला जातो तो काही एका दिवसात नाही, रोज थोडा थोडा, आणि शेजारी झोपलेल्याला पत्ता नसतो. निदान मला तेव्हा वाटायचं की पत्ता नसतो.

मग तीन दिवस बर्फ पडलं आणि घाट बंद झाला. मी स्वयंपाकघरात बसून रडले. डेल्मरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, “काय करणार आता,” म्हणाला आणि शेडकडे गेला.

पुढच्याच आठवड्यात तो रोलंडकडे लाकूड फोडायला गेला होता. खोकी आता परत उघडायची होती, म्हणून मी सुरी शोधायला शेडमध्ये शिरले. खिडकीच्या फळीवर अंडं ठेवायची एक चिनीमातीची वाटी होती, वर बरणीचं झाकण. बाजूला एक गोळी आणि एक पुंगळी. झाकणावर धुळीचा थर होता. बाकीची सगळी दारू तो डब्यात परत ओतत होता, मग हीच का वेगळी?

त्याचा दारू तोलायचा काटा कायम त्याच्या नेहमीच्या मापाला लावलेला असतो, तो त्याला कुणाला हात लावू देत नाही. मी लावला. वाटीतली दारू पारड्यात ओतली. दांडी खाडकन खाली बसली. मी चमच्यानं अर्धी काढून घेतली, तेव्हा दांडी हळूच वर आली आणि सरळ राहिली.

डेल्मर परत आला तेव्हा मी त्याच्या स्टुलावर बसले होते. त्यानं पारडं बघितलं. हात वर केला नाही.

“हे कधी सापडलं?”

“रोलंडच्या डब्यात होतं,” तो म्हणाला. “चौथं.”

“कधी, विचारतेय मी.”

“त्याच दिवशी.”

“त्याच दिवशी! मग इतके दिवस ठोकत काय बसला होतास?”

“बाकीची.”

“बाकीची चांगली होती ना?”

“होती.”

मला ओरडायचं होतं, पण छातीला भ्यायले. तो दारात उभा, टोपी हातात. “तिथे मी काय करू, आर्डी?” तो म्हणाला. “मी बघून आलोय ती खोली. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. खुर्चीत बसायचं आणि तुझ्या औषधाची वेळ झाली का ते घड्याळात बघायचं. मला कोंडल्यासारखं होईल.”

“तुला कोंडल्यासारखं होईल! आणि मी इथे मेले असते म्हणजे?”

त्यानं जरा विचार केला. खरोखर विचार केला, हे मला दिसलं.

“रोलंड आहे ना,” तो म्हणाला.

मी त्याच्यावर चिडले असते, भांडले असते, आणि मग दोघं जेवून झोपलो असतो. असं कितीदा झालंय. पण या शब्दांनंतर माझ्यात भांडायला काही उरलंच नाही. मी घरात गेले, रोलंडला फोन लावला आणि मला घाटापलीकडे ने म्हटलं.

“चांगली धडधाकट असताना नेऊ?” रोलंड म्हणाला. “मागच्या वेळी अर्धमेली होतीस म्हणून गप्प बसलीस. आता वाटभर तोंड चालेल.”

“चालेल.”

“आणि डेल?”

“तुझ्या गाडीवर मागे एकच जागा आहे.”

सकाळी उजाडल्यावर रोलंड आला. डेल्मरनं माझी पिशवी बांधली, गाठ ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. “रस्ता उघडला की येईन,” म्हणाला. मी विचारलं, “राहायला?” तो गाठीकडेच बघत राहिला. मी त्याच्या गालाला हात लावला. माझं प्रेम काही आटलं नव्हतं, तेच तर वाईट होतं.

वळणं चढून आम्ही पहिल्या खिंडीत पोचलो. तिथून खोरं शेवटचं दिसतं. रोलंडनं पट्टे बघायला गाडी बंद केली. इतकी शांतता की बर्फ फांदीवरून घसरलेलं ऐकू यावं. आणि खालून बार आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

“डेलच,” रोलंड म्हणाला. “परत भरायला घेतली वाटतं.”

मग दुसरा बार, थोडा वेळ सोडून.

आमच्याकडे सारख्या अंतरानं तीन बार म्हणजे ये, मी अडचणीत आहे. ती हाक ऐकून कुणी पाठ फिरवत नाही, वैरीसुद्धा. रोलंडचा चेहरा बदलला. “आर्डी,” तो म्हणाला, “वळवू का?”

तो पडला असेल. किंवा नवीन काडतुसं तपासत असेल. किंवा इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला हाक मारत असेल, आणि त्याला हीच एक हाक येत असेल. मी खाली बघितलं. आमच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता.

“सुरू कर,” मी म्हणाले.

“अगं थांब, तिसरा येतोय का ते तरी ऐकू दे.”

“रोलंड, सुरू कर. आत्ता.”

त्यानं दोरी ओढली. ती गाडी सुरू झाली की शेजारी बार उडाला तरी कळत नाही, आणि हे मला ठाऊक होतं.