बहिणीचा किरायानामा

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. चहात चोरून घातलेली साखर तिच्यापासून लपत नाही, पण हे लपलं. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही आमच्या गल्लीतले नाही, म्हणूनच असेल.

मध्य प्रदेशात बालाघाटला माझं घर आहे. वरच्या मजल्याची परवानगी काढताना मी नगरपालिकेत लिहून दिलं होतं, की खोल्या घरच्या माणसांसाठी आहेत, किरायाने देणार नाही. तसं लिहिलं की कर कमी लागतो. गिलावा वाळला आणि मी किरायेदार ठेवले. सगळेच ठेवतात — असं तेव्हा म्हणायचो.

शकुंतलाबाई आल्या. नवरा गेल्यावर तुमसरकडचं गाव सोडून लेकीला घेऊन इकडे आलेल्या. ब्लाउज शिवायच्या. काही महिन्यांनी पालिकेचा माणूस तपासणीला आला, वर कोण राहतं म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं — बहीण आहे. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्या जिन्यात ओले कपडे घेऊन उभ्या होत्या.

“हौ साहेब, मोठे भाऊ आहेत माये.”

माझी थाप मी संध्याकाळपर्यंत विसरलो. त्यांनी मात्र ती खरी करायला घेतली. भाऊबीजेला पाट मांडला, मला ओवाळलं. माझ्या बायकोला वहिनी म्हणू लागल्या. माझा पाय मोडला तेव्हा दीड महिना दोन्ही वेळचा स्वयंपाक वरून आला. सख्खी बहीण काय वेगळं करते? मला सख्खी बहीण नाही, म्हणून विचारतो.

आता — सांगतो, सांगतो.

त्यांची वर्षा बारावी चांगली पास झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं. प्रवेशासाठी इथला निवासी दाखला हवा आणि मायलेकी इतकी वर्षं इथेच राहतात हे दाखवायला किरायानामा हवा. घरमालकाची सही, बस. शकुंतलाबाईंनी किरायानाम्याचा कोरा कागद माझ्या हातात दिला. सही केली असती तर पालिकेत लिहून दिलेलं खोटं उघडं पडलं असतं. दंड भरावा लागला असता, चारचौघांत नाक कापलं गेलं असतं. म्हटलं, सही करून मीच तहसीलच्या दफ्तरात देऊन येतो.

मी दफ्तरात गेलोच नाही. बसस्टँडजवळच्या हॉटेलात दोन तास बसलो, पोहे खाल्ले, कागद फाडून टाकला. घरी येऊन सांगितलं, बाबू म्हणतो हा कागद चालत नाही. मुदत चार दिवसांत संपली. वर्षाचं एक वर्ष गेलं. ते वर्ष ती आईशेजारी बसून काज-बटणं करत होती, आणि मी रोज त्याच जिन्याखालून सायकल काढायचो.

कागद फाडून घरी आलो त्या दिवशी शकुंतलाबाईंनी मला पाणी आणून दिलं होतं. “एवढ्या उन्हात काहून गेले भाऊ? राहू द्या, पुढच्या साली पाहू.”

ते पाणी मी प्यालो.

पुढच्या वर्षी शाळेच्या बाईंनी, पोर इतकी वर्षं इथेच शिकली असं पत्र दिलं, दाखला मिळाला. पोर नर्स झाली. मी मग पालिकेत जाऊन किरायाची नोंद केली, दंड भरला. किती सोपं होतं ते! पण तोवर कुणाला त्याचा उपयोग नव्हता.

या बाईने मला जे दिलं त्याला मी लायक नव्हतो, तरी मिळालं. घरात बहीण आली, भाची आली, सण आले. देवाचे नव्हे, मी तिचे आभार मानतो, रोज.

गेल्या उन्हाळ्यात वर्षाचं लग्न झालं. आमच्यात नवरीला मांडवात मामा घेऊन जातो. शकुंतलाबाई व्याह्यांना सांगत होत्या, “हे माये भाऊ. पोरीच्या कागदासाठी लय फिरले बिचारे.” व्याह्यांनी मला हात जोडले. मीही जोडले. मग वर्षाने हात पुढे केला, आणि तो धरून मी तिला मांडवात घेऊन गेलो.