सम्राटाची अंगठी आणि दादाचा शिक्का

मस्कतमधल्या आमच्या ओळखीच्या लोकांत अजूनही असं सांगतात, की माझ्या थोरल्या भावाने जाताना वर्कशॉपचा शिक्का स्वतःच्या हाताने माझ्याकडे दिला. ही हकिकत मीच पसरवली. ती खरी नाही, एवढं आधी लिहून टाकतो.

पण नीट सांगायचं तर बायझंटाईन सम्राटांपासून सुरुवात करावी लागेल, कारण त्यांचा नाद मला दादाच्या मुलीने लावला आणि त्यांच्यावाचून मला स्वतःचंही कळलं नसतं.

नव्वदच्या दशकात आम्ही मस्कतच्या वादी कबीर भागात राहत होतो. दादाचं ॲल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचं वर्कशॉप तिथेच होतं. मी मापं घ्यायचो, चौकटी बसवायचो. पुतणी आठवीत होती. लायब्ररीत रेंगाळून तिची बस चुकायची, मग मी पिकअप घेऊन शाळेच्या फाटकाशी जायचो. मांडीवर जाडजूड इतिहासाचं पुस्तक ठेवून ती पट्टा लावता लावता सांगायला लागायची, "काका, आज एका किंगने स्वतःच्या ब्रदरचे आईज काढायला लावले."

मारून का नाही टाकलं, असं मी विचारलं. ती म्हणाली की मारलं तर पाप, आणि किंग व्हायला शरीर पूर्ण लागतं, त्यामुळे डोळे गेले की काम झालं. आधी ते लोक नाक कापत. पण एक नाक कापलेला राजा परत आला, आणि तसाच राज्यावर बसला.

"मग नाकाचा काय उपयोग राहिला?"

"म्हणून नंतर डायरेक्ट आईज."

एका आईने सख्ख्या मुलाचे डोळे काढवले आणि स्वतः राज्य केलं, हे ऐकून मी गाडी कडेला घेतली होती. तिला माझी गंमत वाटली. अल् खुवैरला एखाद्या ऑफिसच्या खिडकीत शिडीवर उभा असताना मला भलतेच प्रश्न पडायचे. त्या आंधळ्या भावाला जेवण कोण वाढत असेल? सणाला दोघे एका पंगतीला बसत असतील का? दुसऱ्या दिवशी मी तिला विचारायचो आणि ती पानं उलटून म्हणायची, "हे बुकात नाही, काका."

तिची सगळ्यात आवडती गोष्ट एका राजकन्येची होती. ती थोरली, राजवाड्यातल्या जांभळ्या दालनात जन्मलेली. लहानपणी सगळे तिच्याकडे भावी सम्राज्ञी म्हणून बघत. मग धाकटा भाऊ जन्मला. पुढे बाप मरणाला टेकला, तेव्हा राणी लेक-जावयाच्या बाजूने उशाशी बसलेली. भाऊ आत आला, बापावर वाकला आणि बाहेर पडला तेव्हा बापाची अंगठी त्याच्याकडे होती. ती दाखवून त्याने मुख्य राजवाडा ताब्यात घेतला. बापाने अंगठी दिली की मुलाने काढून घेतली, यावर म्हणे अजून एकमत नाही.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं त्यालाही माहीत नसेल," ती म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीचं उत्तर.

ती पुण्याला कॉलेज करून परत आली आणि वर्कशॉपमध्ये बसायला लागली. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची, गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलायची. वर्षभरात लोक तिचं नाव घेऊन विचारू लागले. मी मात्र माप घेऊन येणाराच राहिलो. वीस वर्षं काचा उचलल्या आणि काल आलेली पोर मला टेप कशी धरायची ते सांगते, असं मी घरी बोलायचो. तसं तिने कधी सांगितलं नव्हतं. मुलगी उद्या सासरी जाणार, असंही मनाशी म्हणायचो.

दादा कुणालाच काही सांगत नव्हता. ते सम्राट निदान जिवंतपणी वारसाच्या डोक्यावर मुकुट ठेवून मोकळे व्हायचे. दादाला विचारलं की म्हणायचा, "बघू."

परवाना सहम गावच्या एका ओमानी गृहस्थाच्या नावावर होता, आमचे अर्बाब, म्हणजे मालक; आमचे व्हिसाही त्यांच्याच हातात. शेतीतून सवड काढून ते महिन्यातून एकदा यायचे. कंपनीचा रबरी शिक्का ज्याच्याजवळ तो मुदीर, म्हणजे मॅनेजर, एवढाच त्यांचा हिशेब. त्या देशात शिक्क्याशिवाय कागद म्हणजे रद्दी. दादा तो चष्म्याच्या जुन्या डबीत घालून खिशात ठेवायचा, झोपतानाही उशाशी.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात दादाला झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली, वाचाही गेली. वहिनी आधीच वारली होती, म्हणून पुतणी दिवसभर हॉस्पिटलातच असायची. एका दुपारी ती डॉक्टरांना भेटायला गेली. मी एकटा होतो. कपाटात दादाच्या कपड्यांची पिशवी होती. धुवायला न्यावेत म्हणून उघडली आणि शर्टाच्या खिशात डबी लागली. दादा जागा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, डावा हात थोडा उचलला आणि घशातून काहीतरी आवाज काढला. मी डबी खिशात टाकली आणि पिशवी घेऊन निघालो.

त्यानंतर नवव्या दिवशी दादा गेला. अर्बाब समाचाराला आले, बसले, कॉफी घेतली आणि हिंदीत विचारलं की शिक्का कुणाकडे आहे. मी डबी पुढे ठेवली आणि म्हटलं, दादाने मला दिला. ते म्हणाले, "खलास, आता तू मुदीर."

पुतणी दारात उभी होती. लोक गेल्यावर तिने विचारलं, "काका, बाबांनी दिला?"

"हो."

"कुठल्या हाताने?"

"उजव्या," मी म्हणालो.

आमच्यात डाव्या हाताने कुणी काही देत नाही. लहानपणी डावा हात पुढे केला की आई चापटी मारायची. त्या सवयीने माझं खोटंसुद्धा उजव्या हाताने बाहेर पडलं. तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं. तिला माझ्याआधी कळलं होतं. ती अर्बाबांकडे गेली नाही. महिन्याभरात पुण्याला गेली आणि परत आली नाही.

मग मी त्या राजकन्येबद्दल स्वतःच वाचलं, डिक्शनरी घेऊन. तिने भावाविरुद्ध कट केला, तो फसला, मग मठात बसून तिने बापाचा इतिहास लिहिला. भावाने तिची जप्त केलेली मालमत्ता परत दिली, असंही वाचलं. माझी पुतणी का बोलली नाही, हे मात्र कुठल्या पुस्तकात सापडणार?

पाच वर्षांनी गुडघे गेले, मी काम सोडायचं ठरवलं. माझ्या मुलाला खिडक्यांत रस नव्हता. सहमला जाऊन मी अर्बाबांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, खरी मुदीर ती, तिला बोलवा. ते खजूर निवडत होते. म्हणाले, "मी विचारलं शिक्का कुणाकडे आहे. कुणी दिला ते मी विचारलंच नव्हतं. ते तू बोललास." म्हणजे त्या खोट्याची गरजसुद्धा नव्हती. तिला बोलवायला त्यांची हरकत नव्हती. "इन्शाल्ला," म्हणाले, "पण आधी तिला विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला फोन लावला. शिक्का मी काढून घेतला, असं एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "माहितीये काका. उजवा म्हणालात ना तेव्हाच." मी विचारलं, अर्बाबांसमोर का बोलली नाहीस? ती म्हणाली, "तुमचा व्हिसा गेला असता. आणि बाबा तर गेलेच होते." वर्कशॉपचं विचारलं तर तिने नाही म्हटलं. पुण्यात तिने काढलेलं ड्रॉइंगचं ऑफिस चांगलं चाललं होतं.

मग तिनेच विचारलं.

"काका, मी डॉक्टरकडे गेले तेव्हा बाबा काही बोलले?"

मी तिला हात उचलल्याचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं.

"कसला आवाज? माझं नाव होतं?"

मी थांबलो नव्हतो. ऐकलं असतं तर कळलं असतं, पण डबी खिशात होती आणि मला दार दिसत होतं. हे तिला तसंच सांगितलं. तो दादाचा शेवटचा प्रयत्न होता. पुढच्या आठ दिवसांत त्याने आवाज काढला नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

फोनवर ती रडत असावी. मग म्हणाली, "पहिल्यापासून सांगा. ती पूर्ण दुपार. काही सोडू नका."

मी खुर्ची ओढून बसलो आणि वॉर्डाच्या दारापासून सुरुवात केली.